माझ्याआधी निघालेलं गाठोडं

तळेगावला जायचं हे आमच्या घरात मार्गशीर्षात ठरलं, आणि ठरल्यामुळेच लांबलं. न ठरवता कोणी सरळ गाडीत जाऊन बसलं असतं, तर चिंचवडला एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेच्या आत तळ्याच्या काठी पोचलं असतं. पण आम्ही पडलो नारायण पेठेतली माणसं. आमच्याकडे ठरवल्याशिवाय कोणी शेजारच्या घरी विरजणही मागायला जात नसे.

तळेगाव माझं माहेर. गाव लहान आणि तळं मोठं, त्यामुळे गावाच्या मानाने तळ्याचाच रुबाब जास्त. तळ्याला दोन बाजूंनी पायऱ्या. एका बाजूला बायका धुणं धूत, दुसऱ्या बाजूला म्हशी बसत. कोणती बाजू कोणाची यावरून दर उन्हाळ्यात भांडण होई आणि ते बहुधा म्हशी जिंकत. तळ्यासमोरच आमचं घर. वडील पंतोजी, ओटीवर त्यांची शाळा. मुलींना अक्षरं शिकवायची तेव्हा पद्धत नव्हती. मला शिकवली, कारण आई लवकर गेली होती आणि शाळेच्या वेळात मला ठेवायला दुसरी जागा नव्हती. बाबा धूळपाटीवर अक्षर काढत, मी ते गिरवी, आणि चुकलं की ते हाताने धूळ सारखी करून 'पुन्हा' म्हणत. एवढंच. त्यांनी मला कधी मारलं नाही आणि कधी शाबासकीही दिली नाही. त्या अक्षरांच्या जोरावर आज हे लिहिते आहे.

लग्न होऊन पुण्याला आले. यजमान सरकारी दफ्तरात कारकून. घर भाड्याचं, पुढे ओटी, मागे परस, मध्ये आम्ही तिघं: यजमान, सासूबाई आणि मी. मला राग फार लवकर येतो, हे माझ्याविषयी सांगण्यासारखं पहिलं, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत. दुसरं काय ते त्यांनी कधी कोणाला सांगितल्याचं मी ऐकलं नाही. भावाच्या लग्नाला तळेगावला जाऊन आले, तेव्हा पंधराची असेन. त्यानंतर चार वर्षांत जाणं झालं नाही. एका साली सासूबाईंचे गुडघे, एका साली पाऊस, एका साली पुन्हा गुडघे.

मार्गशीर्षात तळेगावचा एक माणूस गूळ घेऊन पेठेत आला होता. तो दाराशी आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "गुरुजींनी निरोप दिलाय. त्यांना आता माणूस आलं हे कळतं, कोण आलं हे कळत न्हाई. दिसतंय तोवर पोरीला येऊन जा म्हणावं." एवढं सांगून तो गेला. त्याला बाजार गाठायचा होता.

त्या दिवशी माझ्या हातून पोळी करपली, आणि सासूबाईंनी ती मलाच वाढली. ते रीतीला धरूनच होतं. पण जेवण झाल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, "बापाचे डोळे म्हणजे काही गुडघे नव्हेत. जाऊन ये."

आता माहेरी जायचं तर मुराळी लागतो, म्हणजे माहेरचं कोणीतरी न्यायला यावं लागतं. आपली आपण उठून जाणारी ती लेक नव्हे, पाहुणी, असं तेव्हा मानत. माझा एकुलता भाऊ मोहिमेवर गेला होता, वहिनी बाळंतपणासाठी तिच्या माहेरी. राहता राहिले बाबा, आणि त्यांना तर वाटच दिसत नव्हती. तेव्हा सासूबाईंनी असं काढलं की, यजमानांनीच मला पोचवावं आणि मागच्या पावली परत यावं. यजमानांनी मान डोलावली आणि ते जोशीबुवांकडे गेले.

यजमान स्वभावाने गरीब. कोणाशी वर आवाज करून बोलणं त्यांना माहीत नव्हतं. फक्त पंचांग उघडल्याशिवाय त्यांना जांभईसुद्धा देता येत नसे. आमच्या आळीतले जोशीबुवा हे ओळखून होते. त्यांनी पहिला प्रश्न केला, "तळेगाव उत्तरेस की पश्चिमेस?" यजमान म्हणाले, मधोमध. हे त्यांनी बोलायला नको होतं. मंगळवार-बुधवार उत्तरेला जायचं नाही, शुक्रवार-रविवार पश्चिमेला जायचं नाही, आणि गाव मधोमध म्हटल्यावर जोशीबुवांनी चारही वार काढून टाकले. शनिवार सासूबाईंनी काढला. उरले सोमवार आणि गुरुवार. त्यांतून तिथी गेल्या, नक्षत्रं गेली, चंद्र कुठल्याशा वाईट जागी होता ते दिवस गेले. शेवटी पौषात एक गुरुवार हाती लागला, सकाळच्या पहिल्या प्रहरातला. त्या गुरुवारी दफ्तरातून रजा मिळेना.

"मग प्रस्थान ठेवा," जोशीबुवा म्हणाले.

प्रस्थान ठेवणं ही सोय हुशार माणसांनी काढलेली आहे. ज्याला मुहूर्तावर निघता येत नाही, त्याने आपल्या वस्तूंचं एक गाठोडं मुहूर्तावर घराबाहेर काढावं आणि जायचं त्या दिशेला दुसऱ्या कोणाच्या घरी नेऊन ठेवावं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग माणसाने सवडीने जाऊन गाठोडं उचलावं आणि चालू लागावं. सवड मात्र बेताची. राजाचं प्रस्थान दहा दिवस चालतं, मांडलिकाचं सात. कारकुनाच्या बायकोचं शास्त्रात वेगळं सांगितलेलं नाही, तेव्हा पाच.

आमच्या आळीच्या नदीकडच्या टोकाला एक वैद्यबुवा आणि वैद्यकाकू राहत. लाकडी पुलाकडे जाताना त्यांचं घर शेवटचं, म्हणून ते दिशेला बरोबर पडत होतं. यात्रा माझी, तेव्हा वस्तूही माझ्याच हव्यात असं ठरलं: एक लुगडं, एक चोळी, हळकुंड, सुपारी, मूठभर तांदूळ आणि कुंकवाचा करंडा. करंडा आईचा होता. बाबांनी तो मला लग्नात दिला होता. झाकणाला एका जागी पोचा होता, तो आईच्या हातून पडून आलेला. करंडा देऊ नये असं माझ्या मनात होतं. पण जोशीबुवा म्हणाले, प्रस्थानात जिवाभावाची वस्तू असावी, आणि सासूबाईंनी घरभर नजर फिरवून तोच उचलला. कुंकू मग मी त्यांच्या करंड्यातलं लावायचं.

गुरुवारी सूर्य वर आल्यावर यजमान गाठोडं घेऊन वैद्यांकडे गेले, ते त्यांच्या ओटीवरच्या कोनाड्यात ठेवलं आणि मग दफ्तरात गेले. म्हणजे मी निघाले.

निघालेल्या माणसाला नियम असतात. त्याने दूध पिऊ नये, तेल लावून न्हाऊ नये, रडू नये आणि रागावू नये. पहिल्या तिन्हींशी माझं भांडण नव्हतं. चौथ्यासाठी सासूबाई पाळत ठेवून असत. मी भांडं जरा जोरात ठेवलं की त्या म्हणत, "प्रवासात आहेस हो." शेजारची एक बाई हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आली. सासूबाईंनी तिला सांगितलं, "सूनबाई तळेगावला निघाल्यात." मी तिच्यासमोर जात्यावर बसले होते. बाईने माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि ती पुढच्या घरी गेली. नियमाने मी घरात नव्हतेच, दळण मात्र माझंच होतं.

पाच दिवस झाले. रजा मिळाली नाही. गाठोडं परत आणलं. दारात सासूबाईंनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, कारण ते प्रवासातून आलं होतं. मागोमाग मी नदीवरून धुण्याचा पिळा घेऊन आले. मला कोणी ओवाळलं नाही.

माघात दुसरं प्रस्थान झालं. या वेळी रजा मिळाली, गाडी ठरली, गाडीवान दाराशी आला. मी पाय धुऊन देवाला नमस्कार केला, उंबऱ्याबाहेर आले, आणि बैल शिंकला. सगळे जागच्या जागी उभे राहिले. माणसाची शिंक झाली तर थांबायचं, गाय शिंकली तर फारच वाईट. पण बैलाचं काय धरायचं ते कोणालाच सांगता येईना. सासूबाई म्हणाल्या, बैल म्हणजे गाईचाच. गाडीवान म्हणाला, "त्याला रोजच सर्दी हाय." यजमान धोतर सावरत जोशीबुवांकडे गेले. जोशीबुवा पूजेला बसले होते. ते पूजा आटोपून बाहेर आले, त्यांनी पोथी काढली, दुसरी पोथी काढली, आणि बैलाच्या शिंकेला दोष नाही असा निर्वाळा दिला. तोवर वेळ टळून गेली होती.

त्या रात्री मी यजमानांशी बोलले. मी म्हणाले, "बाबांचं दिसणं संपल्यावर जाणं व्हायचंय का? मग घाई नाही. मग कधीही गेलं तरी चालेल." यजमानांनी समईची वात सारखी केली. मग म्हणाले, "वाटेत काही बरंवाईट झालं तर मी तुझ्या बापाला काय तोंड दाखवू?" मी म्हणाले, "तोंड त्यांना दिसणारच नाही, तेव्हा ती काळजी नको." हे बोलून गेले, आणि यजमान कूस बदलून निजले. त्यांना भीती वाटत होती, माझ्यासाठीच वाटत होती, हे मला कळत होतं. पण त्याने राग कमी होत नव्हता. उलट भांडायलाही कोणी उरलं नाही म्हणून तो वाढला.

फाल्गुनात, शिमगा आटोपल्यावर, तिसरं प्रस्थान ठेवलं. या खेपेला यजमानांनी आधी रजा पदरात पाडून घेतली आणि मग मुहूर्त पाहिला. सोमवारी गाठोडं वैद्यांकडे गेलं. गुरुवारी सकाळी आम्ही मागोमाग निघायचं. गाडीवानाला सांगून बैलही बदलून घेतला होता. मला पहिल्यांदाच वाटलं की, आपण खरंच जाणार.

सोमवारी वैद्यांकडे मावळातले एक भटजी उतरले होते. पोटाच्या दुखण्यावर औषध न्यायला आले होते आणि तळेगावावरून पुढे आपल्या गावी परत जायचे होते. वैद्यकाकू धुणं घेऊन नदीवर गेल्या होत्या. निघताना भटजींना कोनाड्यात गाठोडं दिसलं. त्यांनी विचारलं, "हे कुठलं?" वैद्यबुवा खलात काहीतरी घोटत होते. वर न बघता म्हणाले, "तळेगावला जायचंय." भटजींनी विचारलं, "कोणाकडे?" वैद्यबुवांनी बाबांचं नाव सांगितलं. भटजी भले गृहस्थ. औषधाचे पैसे वैद्यांनी घेतले नव्हते, त्याची उतराई करायला बरी संधी मिळाली असं त्यांना वाटलं. त्यांनी गाठोडं खाकोटीला मारलं आणि ते गेले. वैद्यबुवांनी घोटणं थांबवलं नाही. औषध ऐन रंगात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी वैद्यकाकू सांगायला आल्या की, गाठोडं पुढे गेलं. सासूबाई म्हणाल्या, "बरंच झालं, तेवढंच ओझं कमी." यजमानांनी जोशीबुवांना विचारून घेतलं, ते म्हणाले, प्रस्थान दिशेलाच गेलं आहे, दोष नाही. मला एवढंच वाईट वाटलं की, माझं बरं लुगडं नेमकं त्यात होतं आणि वाटेत जुनेरं नेसून जावं लागणार. ते गाठोडं तळेगावात उघडलं गेलं की त्याचा काय अर्थ होईल, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बुधवारी दुपारी मी प्रवासाच्या दशम्या लाटत होते. पीठ दुधात भिजवलेलं, म्हणजे वाटेत चालतात. सासूबाई ओटीवर वाती वळत होत्या. दाराशी गाडी थांबल्याचा आवाज आला. मला वाटलं, गाडीवान एक दिवस आधीच आला, आणि उठून त्याला चार शब्द सुनवावेत असं मी मनात म्हणत होते. तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, "या या, व्याही! असे अचानक?" मग बाबांचा आवाज आला.

"विहीणबाई, कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"मला काही कळवलंत नाही," बाबा म्हणाले. "कळवायला हवं होतं."

मी पिठाचे हात तसेच घेऊन ओटीच्या दारात आले. बाबा उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले होते. डोक्याला पागोटं नव्हतं. मांडीवर माझं गाठोडं होतं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले होते, शाळेत मुलांना हाताची घडी घालायला सांगत तसे. चार वर्षांत ते अर्धे झाले होते. त्यांनी मान माझ्या बाजूला वळवली. कोणीतरी आलं हे त्यांना कळलं.

"कोण ते?" त्यांनी विचारलं.

सासूबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा गाठोड्याकडे बघत होत्या, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. वातींचं ताट बाजूला सारून त्या ओरडल्या, "अहो, तीच आहे! तुमची लेक! बोल गं, एरवी तोंडाचा पट्टा चालतो, आता काय झालं?"

मी म्हणाले, "बाबा, पागोटं कुठाय? एवढ्या उन्हाचं उघड्या डोक्याने आलात?"

बाबांनी गाठोडं हळूच खाली ठेवलं. काय झालं ते बघायला गाडीवान गाडीतून उतरून आला.

झालं होतं ते असं. भटजी मंगळवारी दिवेलागणीला तळेगावी पोचले. सूर्य मावळला होता, त्यांची संध्या राहिली होती. बाबा ओटीवर एकटेच बसले होते. "पुण्याहून तुमच्या लेकीचं आलंय," म्हणून भटजींनी गाठोडं पुढ्यात ठेवलं आणि ते लगबगीने तळ्यावर गेले. बाबांनी गाठ सोडली. लुगडं लागलं, चोळी लागली. मग करंडा हाताला लागला आणि झाकणाचा पोचा बोटाला लागला. सवाष्ण बाई आपला करंडा माहेरी धाडत नाही. ती गेल्यावर तो येतो. बाबा तसेच भिंत धरत तळ्यावर गेले, अंगावरच्या वस्त्रानिशी बुडी मारली आणि सुतकाचं स्नान करून घरी आले. त्याच पायऱ्यांवर पलीकडे भटजी संध्या करत होते; पण ते बाबांना दिसले नाहीत, आणि संध्येत बोलता येत नाही म्हणून भटजींनीही हाक मारली नाही. गावातला एक जण मध्यरात्री गाडी जोडून पुण्याला निघत होता. बाबा त्याच्या गाडीत बसले.

यात खोटं कोणीच बोललं नव्हतं. वैद्यबुवा नाही, भटजी नाही. मला कोणावर तरी रागवायचं होतं आणि माणूसच सापडेना.

सासूबाई म्हणाल्या, "मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं. हिचं पुष्कळ वाढलं आता." हे त्यांनी आनंदाने म्हटलं की कसं, ते मी विचारलं नाही. त्यांनी आतून गूळपाणी आणलं आणि बाबांपुढे ठेवलं. बाबांनी हात जोडले.

"नको, विहीणबाई. अजून रीत सुटलेली नाही."

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही ती रीत. कन्यादान केलं, म्हणजे त्या घरचं काही घेणं नाही. मला तेव्हा मूल नव्हतं. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि एकदम दुसरीकडे पाहिलं. मध्यरात्रीपासून बापाच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, माझ्या घरात पाण्याने भरलेला हंडा होता, आणि मध्ये मी होते. त्या रीतीचा मला तेव्हा आला तसा राग पुढे आयुष्यात कशाचा आला नाही.

त्या वेळी सासूबाईंनी जे केलं त्यासाठी मी त्यांना बाकी सगळं माफ केलं आहे. त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "वैद्यांकडे चला. चूल वैद्यांची, पीठ वैद्यांचं, पाणी त्यांच्या आडाचं. रांधणारे हात कोणाचे हे शास्त्र विचारत नाही." आणि मला म्हणाल्या, "जा, बापाला घेऊन जा. रात्रीपर्यंत इकडे आली नाहीस तरी चालेल."

मी बाबांचा हात धरून आळीतून गेले. वैद्यकाकूंनी दारातच पाणी दिलं. बाबा दोन तांबे प्यायले. वैद्यबुवा आत जाऊन बसले होते, ते जेवायलाही लवकर बाहेर आले नाहीत. मी पिठलं-भात केला. बाबा जेवले आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." चार वर्षांनी माझ्या हातचं जेवून ते एवढंच बोलले, आणि मला ते फार बरं वाटलं.

जेवणं होईपर्यंत दिवेलागण झाली. मी विचारलं, "मी मेले असं वाटलं, तर मग आलात कशाला? आता मागे राहिलं काय होतं?"

"विचारायला," बाबा म्हणाले. "काय दुखलं, कोण जवळ होतं." थोड्या वेळाने म्हणाले, "गाडीत तुझं तोंड आठवत होतो. येईना. धूळपाटीपुढं बसलेली यायची, सहा-सात वर्षांची. मोठी झालेली तू मला आठवतच नव्हतीस. लग्नात तू मुंडावळ्यांत, भावाच्या लग्नात कामात. नीट बघितलंच नाही कधी. म्हटलं, लेक गेली तर गेली, पण रडताना डोळ्यांपुढं कोणाला आणायचं?"

मी समई उचलून त्यांच्याजवळ नेली आणि तोंड पुढे केलं. त्यांनी मान हलवली. "समईत मला नुसतं पिवळं दिसतं. उद्या उन्हात बघू."

रात्री यजमान जोशीबुवांना घेऊन वैद्यांकडे आले. आता मुराळी घरचाच आला होता, गाडी होती, रजा होती. मला वाटलं, सगळं जमून आलं. जोशीबुवांनी पोथी उघडली आणि सांगितलं की, प्रस्थान तळेगावला पोचलं आणि तिथून परत घरी आलं, म्हणजे यात्रा पुरी झाली. ज्यांना भेटायचं त्यांची भेटही झाली. आता पुन्हा निघायचं तर ती दुसरी यात्रा, तिला दुसरा मुहूर्त, तो पाडव्यानंतर. शिवाय जिच्या नावाने सुतकाचं स्नान झालं आहे तिने शांतिकर्म केल्याशिवाय वेस ओलांडू नये. सुनेने जोशांशी बोलायचं नसतं. मी आतल्या दारातून म्हणाले, "यात्रेत मी कुठे होते तेवढं पोथीत बघून सांगा." जोशीबुवांनी ऐकलं नाही असं दाखवलं. यजमानांनी मान खाली घातली. ती त्यांनी वर केली तेव्हा ते म्हणाले, "मग माझी रजा मी यांना तळेगावला पोचवण्यात घालवतो. माझ्या प्रस्थानाचं काही विचारू नका. मी असाच निघणार." पंचांग न उघडता त्यांनी केलेलं ते पहिलं काम. जोशीबुवा तरीही सांगू लागले, पण यजमान उठून गाडीवानाकडे गेले.

पुढच्या वर्षी भाऊ मोहिमेवरून आला आणि मला घेऊन गेला. तेव्हा बाबा ओटीवर बसले होते आणि त्यांनी मला पावलांवरून ओळखलं. म्हणजे त्यांनी मला बघायचं होतं ते त्या एका गुरुवारच्या सकाळीच.

गुरुवारी सकाळी उजाडलं तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. बाबांनी वैद्यांकडे स्नान केलं, वैद्यबुवांचं एक जुनं पागोटं घातलं आणि ते चालत आमच्या दाराशी आले. आत आले नाहीत. गाडी जोडलेली होती. यजमान पुढे बसले होते. बाबांनी हाक मारली, "ये बाहेर."

घरंदाज सून अशी भर आळीत उभी राहत नसे. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जा," आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या, म्हणजे कोणी काही म्हणालंच तर आधी त्यांना म्हणावं लागावं.

बाबांनी माझ्या हनुवटीला धरून तोंड पूर्वेकडे वळवलं. समोरच्या कौलांवरून ऊन नुकतंच आळीत उतरत होतं. मला एक पाऊल मागे घेतलं, परत पुढे आणलं. मग आपलं तोंड अगदी जवळ आणलं, एक डोळा मिटला आणि उरलेल्या डोळ्याने कपाळापासून पाहायला लागले. सावकाश, अक्षर तपासावं तसं. पाणी घेऊन जाणाऱ्या बायका थांबल्या. कोणीतरी हसलं, मग गप्प झालं. मला खूप काही बोलायचं होतं, पण बोलले असते तर तोंड हललं असतं. ऊन थेट माझ्या डोळ्यांत येत होतं, आणि डोळ्यांतून पाणी वाहून गालावर आलं. मी ते पुसलं नाही, पापणीही लवू दिली नाही.

"मिट आता," बाबा म्हणाले. "बघून झालं."